काळ्या रानात लाकडाची भट्टी बांधताना

सोलापूर परिसरात लाकडावर चालणारी स्टोनवेअरची, म्हणजे दगडासारख्या घट्ट भाजलेल्या भांड्यांची, भट्टी बांधायला घेतली की पहिली गाठ मातीशी पडते, आणि ती भांड्याच्या नव्हे, पायाखालच्या मातीशी. इथली काळी जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. मे महिन्यात रानात हात जाईल एवढ्या भेगा पडलेल्या असतात. त्या जमिनीवर सात टनांच्या वर फायरब्रिक, म्हणजे आच सोसणाऱ्या विटा, आणि १८ फुटी धुराडं उभं करायचं असतं. घराच्या भिंतीला तडा गेला तर लिंपून टाकता येतो. भट्टीच्या भिंतीतला तडा म्हणजे हवेला चोरवाट, आणि हवा आपल्या मर्जीनं शिरू लागली की तापमान आपल्या मर्जीनं चढत नाही.

म्हणून खोदाई मापावर ठरवायची नाही, मुरूम लागेपर्यंत करायची. माळावर तो दोन-अडीच फुटांत लागतो, भीमा-सीनेच्या काठच्या जमिनीत माणसाएवढं खाली जावं लागतं. एवढ्या खोल खड्ड्याचा खर्च परवडणार नसेल तर सरळ दुसरी जागा बघावी. विहिरीच्या किंवा बोअरच्या शेजारची जागा मालकाला सोयीची वाटते, पण तिथे जमिनीत ओल कायम बदलत राहते, त्यामुळे भट्ट्या बांधून देणारे आम्ही ती नाकारतो. आमच्या नेहमीच्या मापाच्या भट्टीला १४ फूट लांब आणि ९ फूट रुंद खड्डा लागतो. त्यात बाहेरून आणलेला मुरूम सहा-सहा इंचांच्या थरांनी भरायचा, प्रत्येक थर पाणी मारून धुमसायचा. निघालेली काळी माती परत खड्ड्यात ढकलायची नाही. गवंडी दुसरीकडे गेला की मजूर हमखास तेच करतात, तेव्हा ती माती आधीच ट्रॉलीत भरून लांब टाकलेली बरी. मुरमावर दगडी सोलिंग, त्यावर ४ इंचांचं काँक्रीट.

काँक्रीटवर फायरब्रिक थेट मांडायच्या नाहीत. सिमेंटला जास्त उष्णता सोसत नाही, ३०० अंशांच्या पुढे त्याची ताकद उतरू लागते. आम्ही काँक्रीटवर साध्या विटांचे दोन थर बोटभर-दोन बोटं फटी सोडून मांडतो, म्हणजे खालून वारा खेळतो. त्यावर उष्णता अडवणाऱ्या इन्सुलेशन विटांचा एक थर आणि मग फायरब्रिकचे दोन. चौथऱ्याभोवती दोन फूट रुंद फरशी उतार देऊन करायची आणि पाणी लांब काढायचं. पाया कितीही खोल नेला तरी शेडच्या पन्हळीचं पाणी त्याच्या कडेला मुरत राहिलं तर वर्षा-दोन वर्षांत एक कोपरा उचललेला दिसतो.

सोलापूरला कुंभारकाम काही नवं नाही. शहरात कुंभार वेस आहे, आणि संक्रांतीच्या गड्ड्याच्या यात्रेत सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाशी कुंभारकन्येचा विवाहसोहळा होतो, म्हणजे कुंभाराचं घर इथल्या ग्रामदैवताच्या गोष्टीतच आहे. पण कुंभाराचा आवा आणि ही भट्टी यांत मोठा फरक आहे. आव्यात गोवऱ्या, पाचट, काटक्या मडक्यांच्या मध्येच रचलेल्या असतात. तापमान साधारण ७०० ते ९०० अंशांपर्यंत जातं आणि एवढ्यात लाल मडकं पक्कं होतं, पाणी पाझरतं ठेवण्याइतकं सच्छिद्रही राहतं. स्टोनवेअरला १२८० ते १३०० लागतात. शेवटच्या त्या चारशे अंशांसाठी जळण आणि भांडी वेगळी ठेवावी लागतात, ज्वाळेला रस्ता आखून द्यावा लागतो आणि धुराड्यानं ती ओढावी लागते.

नवीन स्टुडिओवाल्यांना अनागामा हवी असते. चढावर बांधलेली, बोगद्यासारखी एकाच खोलीची ही भट्टी पाचव्या शतकाच्या सुमारास कोरियातून जपानात गेली, आणि सतराव्या शतकात तिथे अनेक खोल्यांची, पायऱ्यापायऱ्यांनी चढणारी नोबोरीगामा रुजली. अनागामाची राख भांड्यांवर सुंदर बसते, यात वाद नाही. पण तिला तीन-चार दिवस अखंड सरपण, पाळीपाळीनं जागणारी माणसं आणि भट्टी भरेल एवढी कच्ची भांडी लागतात. एकट्या-दुकट्याचा स्टुडिओ असेल तर आमचा सल्ला ठरलेला असतो: बूरी पद्धतीचं जळणघर असलेली एका खोलीची भट्टी बांधा. फ्रेंच सिरॅमिक इंजिनिअर एमिल बूरी यांच्या नावावरून ओळखल्या जाणाऱ्या या रचनेत लाकूड जमिनीवर नसतं. ते दोन बाजूंच्या कट्ट्यांवर आडवं पडून असतं, हवा वरून येते, लाकडातून खाली ओढली जाते आणि निखारे खाली पडून जळत राहतात. सरपण कमी लागतं आणि दोन माणसं एका दिवस-रात्रीत भाजणी उरकू शकतात.

मापं सगळी विटेच्या पटीत धरावीत. आपल्याकडची फायरब्रिक २३० × ११५ × ७५ मिलिमीटर, म्हणजे ९ × ४॥ × ३ इंच, वजन ४ किलोच्या आसपास. भट्टीची खोली आतून ज्वाळेच्या दिशेनं ५४ इंच, आडवी ४५ इंच, भिंती ४५ इंच उंच म्हणजे १५ थर, त्यावर ११ इंच चढाची कमान. जळणघर २७ × ४५ इंच. धुराड्याचं आतलं माप ९ × १३॥ इंच. हे आकडे हवेतून काढलेले नाहीत. लाकडाच्या भट्टीत जळणाची जागा धुराड्याच्या छेदाच्या दहापट असावी, असा जुना हिशेब आहे. इथे धुराडं १२१॥ चौरस इंच, जळणघर १२१५. खोलीतून धूर बाहेर जाण्याची भोकं मिळूनही धुराड्याएवढी, म्हणजे साडेचार इंची चौकोनी सहा. आम्ही आठ ठेवतो आणि दोन अर्ध्या विटांनी बुजवून ठेवतो. बांधलेलं भोक नंतर बंद करणं मिनिटाचं काम आहे. मोठं करायचं तर भिंत फोडावी लागते.

धुराड्याच्या उंचीचा हिशेब असा: खोलीच्या उंचीच्या दर फुटाला ३ फूट, आणि ज्वाळेच्या आडव्या प्रवासाच्या दर ३ फुटांना १ फूट. खोली पावणेपाच फूट उंच, त्याचे झाले १४. आडवा प्रवास साडेसहा फूट, त्याचे २. सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या वर आहे, हवा थोडी विरळ, म्हणून आणखी २ धरून १८ फूट. खालचे ६ फूट फायरब्रिकचे, एका थराला ७ विटा. वरचा भाग साध्या पक्क्या विटांचा चालतो, पण जोडकाम फायरक्लेचं, म्हणजे आच सोसणाऱ्या मातीचं हवं. सिमेंटच्या सांध्यातलं धुराडं काही भाजण्यांत वरून झडायला लागतं. ओढ कमी-जास्त करणारी सरकती झडप जमिनीपासून चारेक फुटांवर, भांडी मांडायच्या सिलिकॉन कार्बाइडच्या जुन्या फळीची. तिच्या खाली धुराड्यालाच दोन विटांएवढं एक भोक ठेवायचं. त्यातली वीट काढली की गार हवा सरळ धुराड्यात शिरते आणि ओढ कमी होते. झडप तापून अडकली असताना हेच भोक कामाला येतं.

या सगळ्याला सुमारे १८०० फायरब्रिक लागतात. बाजारात त्या आयएस-६ आणि आयएस-८ या नावांनी मिळतात. पहिल्यात अॅल्युमिना, म्हणजे आच सोसणारा घटक, ३० टक्क्यांच्या आसपास, दुसऱ्यात ४०. जळणघर, कमान आणि ज्वाळा आत शिरते ती भिंत यांना आयएस-८ च हवी, धुराड्याला आयएस-६ पुरते. लाकूड ज्यांवर टेकतं ते कट्टे मात्र ६०-७० टक्के अॅल्युमिनाच्या विटांचे करावेत, कारण भट्टीत सगळ्यात आधी तेच झिजतात. नवा माल मुख्यतः गुजरातेतून, थान-वांकानेरकडून येतो. सोलापूर जिल्ह्यात दुसरीही सोय आहे. साखर कारखान्यांचे बॉयलर हंगाम संपल्यावर दुरुस्तीला निघतात आणि काढलेल्या विटा भंगारात येतात. त्या घ्यायला हरकत नाही, पण डोळे उघडे ठेवून घ्याव्यात. बगॅसची, म्हणजे उसाच्या चिपाडाची, राख सिलिका आणि पोटॅशनं भरलेली असते, तिनं विटेच्या एका तोंडावर हिरवट-काळी काच चढलेली असते. ते तोंड भट्टीत आतल्या बाजूला आलं तर १२५० ला ती काच पुन्हा वितळते आणि खालच्या विटेला चिकटते. प्रत्येक वीट हातोडीनं वाजवून बघायची. खणखणीत वाजली तर ठीक, भदभद वाजली तर आत चीर आहे. मापानं वेगळ्या करायच्या, कारण वापरलेल्या विटांत ३-४ मिलिमीटरचा फरक असतोच आणि तो कमानीत नडतो.

हलक्या, पांढऱ्या इन्सुलेशन विटा भट्टीच्या आतल्या तोंडाला लावायचा मोह होतो, कारण त्या लवकर तापतात आणि करवतीनं कापता येतात. गॅसच्या भट्टीत ते चालतं. लाकडाच्या भट्टीत राखेतला क्षार त्यांच्या छिद्रांत शिरतो आणि त्यांना पोखरतो. त्यांची जागा बाहेरच्या थरात. आत ९ इंच फायरब्रिक, बाहेर ४॥ इंच इन्सुलेशन.

गवंड्याला सगळ्यात अवघड जातं ते जोडकाम. त्याच्या हाताला सिमेंटची सवय असते: थापीभर माल, अर्ध्या इंचाचा सांधा, वरून दर्जा भरणं. इथे माल चिकटवण्यासाठी नसतो. विटेखालचा खडबडीतपणा भरून ती डळमळू नये, एवढंच त्याचं काम. फायरक्ले आणि बारीक चाळलेला फायरब्रिकचा चुरा निम्मे-निम्मे, ताकाएवढं पातळ, त्यात वीट बुडवायची, ठेवायची, लाकडी हातोड्यानं ठोकायची. सांधा २ मिलिमीटर. हजार विटांना दोनशे किलो सुका माल पुरतो. त्याच्या दुप्पट लागू लागला तर सांधे जाड होताहेत, हे मोजल्याशिवाय कळतं. जाड सांधा आकसतो, गळतो, आणि कमानीत असेल तर कमान खाली बसते.

दुसरी गोष्ट फटींची. फायरब्रिक १३०० अंशांना लांबीत जवळपास पाऊण टक्का वाढते. भिंतीचं आतलं तोंड पांढरं तापलेलं आणि बाहेरचं त्या मानानं गार, म्हणून वाढ सारखी नसते. तरी पाच फुटांच्या भिंतीत ६ ते ८ मिलिमीटरचा हिशेब धरावा लागतो. त्याला जागा दिली नाही तर भिंत ती स्वतः करून घेते, म्हणजे कोपरा बाहेर ढकलते. आम्ही प्रत्येक कोपऱ्याजवळ एका उभ्या सांध्यात मालाऐवजी खोक्याचा नालीदार पुठ्ठा घालतो. दर थराला त्याची जागा बदलायची, म्हणजे एकाच ओळीत सरळ फट पडत नाही. पहिल्या भाजणीत पुठ्ठा जळून जातो आणि फट उरते. गवंडी विचारतो, “सांधा रिकामा कसा ठेवायचा?” त्याला तापलेल्या भट्टीत ती फट मिटलेली दाखवली की पुढच्या वेळी पुठ्ठा तोच आठवणीनं मागून घेतो. दोन्ही टोकाच्या भिंती, म्हणजे दाराची आणि तिच्या समोरची, कमानीला जोडायच्या नाहीत. कमानीच्या खाली बोटभर जागा सोडून तिथे सिरॅमिक फायबरची पट्टी दाबायची. फायबर कापताना तोंडाला चांगला मास्क हवा, फडकं पुरत नाही.

कमानीचा साचा सुताराकडून करून घ्यावा. ५४ इंचांच्या गाळ्याला ११ इंच चढ, त्रिज्या ३८॥ इंच. साच्याच्या पायाखाली पाचरी ठेवायच्या, म्हणजे शेवटी त्या ठोकून काढल्या की साचा इंचभर खाली उतरतो आणि न अडकता बाहेर येतो. एका ओळीला १८ साइड आर्च, म्हणजे एका बाजूला निमुळत्या, विटा आणि ४ सरळ विटा, सरळ विटा विखरून. सात ओळी, म्हणजे साइड आर्चच्या १२६. वाहतुकीत फुटतात, म्हणून १४० मागवाव्यात. दोन्ही बाजूंनी सारखं वर चढत यायचं आणि मधली शेवटची वीट, जिला गवंडी चावी म्हणतात, ती घट्ट बसेल अशी घासून लाकडी ठोकळ्यावरून ठोकायची. लोखंडी घण थेट विटेवर मारला तर चावीच फुटते.

चावी बसवण्याच्या आधी लोखंडाचं काम झालेलं हवं. कमान तिच्या दोन्ही पायांना बाहेर रेटते, आणि नुसती भिंत तो रेटा पेलू शकत नाही. चार कोपऱ्यांना ६५ मिलिमीटरचे अँगल, कमानीच्या पायाशी १०० मिलिमीटरचं चॅनल, वर आणि खाली १६ मिलिमीटरच्या आटे पाडलेल्या सळया. वेल्डरला अँगल सगळीकडून वेल्ड करून टाकायची हौस असते. त्याला थांबवायचं. सळयांना नट हवेत. साचा काढण्याआधी ते घट्ट करायचे आणि भट्टी चढताना सळ्या तारेसारख्या ताणल्या गेल्या तर अर्धा-अर्धा आटा सैल करायचे. वेल्ड केलेली चौकट सैल होत नाही. मग विटा दबतात आणि कमानीच्या आतल्या कडा खपलीसारख्या सुटतात.

कमानीवर चार इंचांचा थर व्हर्मिक्युलाइट (उष्णता अडवणारं हलकं, फुगवलेलं खनिज) आणि फायरक्लेचा, चारास एक. साध्या मातीचं लिंपण द्यायचं असेल तर त्यात भुसा भरपूर घालावा. काळी माती इथेही नको, वाळताना ती रानासारखीच भेगाळते.

बांधकाम संपलं की भाजणीची घाई होते. विटांनी आणि मालानं घेतलेलं पाणी सावकाश काढावं लागतं. आधी आठ-दहा दिवस दार उघडं ठेवून नुसतं वाळवणं, मग जळणघरात हातभर जाळ, दोन-तीन दिवस, १०० ते १५० अंशांच्या वर न नेता. गार धुराडं ओढ धरत नाही, धूर तोंडातून उलटा येतो. त्यासाठी धुराड्याच्या तळाच्या भोकात कागद आणि काटक्यांचा छोटा जाळ करायचा. आतली हवा तापून वर चढू लागली की मग मुख्य जाळ पेटवायचा.

सरपणाचा विचार मात्र बांधकामाच्या आधी झालेला हवा, कारण ते सुकायला हंगाम जातो. सोलापूरकडे वेडी बाभूळ मुबलक. जड, कडक, निखारा धरणारं लाकूड. सुरुवातीच्या तासांना उत्तम, पण शेवटच्या टप्प्यात निखारा साठवून ठेवतं. तिचा काटा कातडी हातमोज्यातूनही आत जातो, तेव्हा फांद्या साळून घ्याव्यात. देशी बाभूळ त्याहून चांगली आणि महाग. हजार अंशांच्या पुढे लांब ज्वाळा लागते. त्यासाठी सुबाभूळ, निलगिरी आणि सॉ मिलमधली फळकुटं. पुद्दुचेरीला सुरूचं लाकूड वापरतात. तिथे रे मीकर आणि डेबोरा स्मिथ यांनी १९७१ साली गोल्डन ब्रिज पॉटरी सुरू केली आणि भारतातल्या आजच्या स्टोनवेअर कामाची पुष्कळशी मुळं तिथे जातात. पण सुरू तिथल्या किनाऱ्यावर पिकतो. इथे बाहेरून आणण्यात अर्थ नाही. एमआयडीसीतल्या पॅकिंगच्या पेट्या जळतात छान, पण खिळे काढावे लागतात, आणि रंग किंवा औषध मारलेलं लाकूड, प्लायवूड अजिबात नको. तुरीचं पीक या भागात मोठं, त्यामुळे तुराट्या मिळतात. त्या भपकन पेटतात, शेवटच्या तासात ज्वाळा झटकन लांबवायला पेंढी-पेंढीनं टाकाव्यात. कडब्याची पेंढी मात्र भट्टीत टाकायची गोष्ट कुणी काढू नये, तो जनावरांच्या तोंडचा घास आहे आणि शेजारचा शेतकरी बोलायचं सोडेल.

लाकूड २४ इंच लांब, म्हणजे ते २७ इंचांच्या जळणघरात दोन्ही कट्ट्यांवर नीट टेकतं. मनगटाएवढं जाड निम्मं, अंगठ्याएवढं चिरलेलं निम्मं. वीस टक्क्यांच्या खाली ओल हवी. मीटर नसेल तर एका ओंडक्यावर खडूनं वजन लिहून ठेवायचं आणि आठवड्यानं पुन्हा तोलायचं. वजन उतरायचं थांबलं की सुकलं. एका भाजणीला दीड ते दोन टन लागतं. अडीच रचून ठेवावं. रात्री तीन वाजता वखार उघडी नसते.

फळ्यांना अॅल्युमिना आणि चायना क्लेचा लेप हवा, आणि प्रत्येक भांड्याच्या बुडाखाली याच दोघांच्या समभाग मिश्रणाच्या सुपारीएवढ्या तीन गोळ्या. राख उडून सगळीकडे बसते आणि काच होते. गोळ्या नसतील तर भांडं फळीसकट उचलावं लागतं. भांड्यांची माती बाहेरची. तलावाच्या गाळाची इथली माती कुंभारकामाला सुरेख, पण तिच्यात लोह आणि चुना भरपूर असल्यानं स्टोनवेअरच्या तापमानाला ती उभी राहत नाही, फुगते नाहीतर बसते. तिचा उपयोग ग्लेझसाठी, म्हणजे भांड्यावरच्या काचेसारख्या लेपासाठी करावा. चाळून, थोडी लाकडाची राख घालून १२८० ला तपकिरी-काळी चकाकी मिळते. आधी छोट्या वाटीत तपासावं, वाहिली तर फळी वाचते.

भाजणी संध्याकाळी सुरू करावी आणि शक्यतो नोव्हेंबर ते फेब्रुवारीत. एप्रिल-मेमध्ये सावलीत ४२ अंश असताना भट्टीच्या तोंडाशी उभं राहणं माणसाला झेपत नाही, आणि वळवाचा वारा सुटला की धुराड्याची ओढ मिनिटामिनिटाला बदलते. रात्रभर छोटा जाळ, १०० पर्यंत. मग तासाला ८०-१०० अंश. ५७३ ला क्वार्ट्झचा स्फटिक एकदम रूप बदलतो आणि फुगतो, तिथे घाई केली की थाळ्या चिरतात. साडेसहाशेच्या पुढे आतलं लाकूड आपोआप पेट घेतं. तेव्हा खालचं तोंड बंद करून वरून, कट्ट्यांवर लाकूड घालायला लागायचं.

९०० च्या आसपास झडप आत सरकवून भट्टीत हवा कमी ठेवायची, पाऊण ते एक तास. बघायच्या भोकातून वीतभर मऊ, नारिंगी ज्वाळा बाहेर यावी. भोकाचं बूच काढताना बाजूला उभं राहायचं, समोर नव्हे. अंगात सुती कपडे, डोळ्यांना गडद काच. यानंतर लय लागते: लाकूड टाकलं की काळा धूर, आकडा दोन-चार अंश उतरतो, धूर पांढुरका होत जातो, आकडा चढतो, धूर नाहीसा झाला की पुढचा घास. हे चक्र पाच ते आठ मिनिटांचं. नवखा माणूस आकडा उतरला की घाबरून आणखी लाकूड कोंबतो आणि भट्टी गुदमरवतो.

अकराशे-साडेअकराशेच्या आसपास भट्टी हमखास अडते. तासभर लाकूड खाते आणि जागची हलत नाही. दहातल्या आठ वेळा कारण खाली साठलेला निखारा असतो. त्याचा ढीग ज्वाळा आत जाण्याच्या भोकांपर्यंत चढलेला असतो. जाड लाकूड बंद करायचं, निखाऱ्याखालच्या दोन-तीन विटा काढून तिथून हवा द्यायची आणि लांब सळईनं ढीग हलकेच हलवायचा. जोरात ढवळला तर राखेचा लोट भांड्यांवर जातो. तोवर अंगठ्याएवढ्या फळकुटांवर चालवायचं. निखारा नसूनही अडली असेल तर ओढ जास्त आहे, उष्णता धुराड्यातून पळते आहे. झडप इंचभर आत. आणि धुराड्याच्या टोकावर सतत काळा धूर असेल तर उलट, हवा कमी पडते आहे. उजवी बाजू तापते आणि डावी मागे राहते, तेव्हा बाहेर जाणाऱ्या भोकांपैकी उजव्या बाजूचं एक अर्ध्या विटेनं झाकायचं. त्यासाठी धुराड्याच्या वाटेत हात पोचेल असं बूच बांधतानाच ठेवलेलं असतं.

तापमानाचा आकडा दाखवणारा के-टाइप थर्मोकपल साडेबाराशेच्या पुढे भरवशाचा राहत नाही. त्यामुळे शेवटचा निर्णय कोनवर, म्हणजे ठरावीक उष्णतेला वाकणाऱ्या छोट्या सुळक्यांवर सोडायचा. वर आणि खाली ९, १०, ११ नंबरचे कोन बघायच्या भोकासमोर ठेवलेले असतात. दहाचा कोन वाकून टेकला, म्हणजे उष्णतेचं काम झालं. आकडा १२७० दाखवो की १३००, कोन बघून थांबायचं. वरचा दहा पडला आणि खालचा अजून उभा असेल तर चढ थांबवून तासभर त्याच तापाला धरायचं.

मग सगळी तोंडं विटांनी बंद, फटींना ओल्या मातीचं लिंपण, झडप पूर्ण आत. निदान तीन दिवस हात लावायचा नाही. २२० अंशांच्या आसपास भांड्यातला क्रिस्टोबॅलाइट, म्हणजे सिलिकेचा एक स्फटिक, एकदम आकसतो. दार त्याआधी उघडलं आणि गार वारा आत गेला तर टणटण आवाज येतात आणि तो प्रत्येक आवाज एका भांड्याचा असतो. ऐंशी अंशांच्या खाली दाराच्या विटा काढाव्यात. त्यांवर खडूनं नंबर घातलेले असले की पुढच्या वेळी दार अर्ध्या वेळात लागतं.

कामाचा ठराव करताना आम्ही पहिल्या दोन भाजण्या त्यातच धरतो. माल मालकानं थेट घ्यायचा, मजुरी वेगळी. पहिल्या भाजणीनंतर भिंतींवर आणि कमानीत तडे दिसतात आणि मालकाचा फोन येतो. केसाएवढे तडे राहू द्यायचे, ते तापल्यावर मिटतात. त्यांत माल भरला तर पुढच्या वेळी तो सुकलेला माल पाचरीसारखा भिंत फाकवतो. पेन्सिलनं तड्याच्या दोन्ही बाजूंना रेघ मारून तारीख घालायची. तिसऱ्या भाजणीनंतरही रुंदी तेवढीच असेल तर ती भट्टीची नेहमीची हालचाल. वाढत असेल तर आधी पाया तपासायचा, मग सळयांचे नट, आणि भिंत सगळ्यात शेवटी.

मृग लागायच्या आत धुराड्यावर पत्र्याची टोपी बसवायची, जळणघरातली राख काढून घ्यायची, कारण ओली राख विटेला खाते. राख चाळताना मास्क हवा, पाण्यात टाकताना हातमोजे. झडप मात्र पूर्ण लावायची नाही, दोन बोटं उघडी. खालून जमिनीतली ओल चढतच असते. ती वर निघून गेली नाही तर दिवाळीनंतरच्या पहिल्या भाजणीत आधी टनभर विटांतलं पाणीच उकळत बसावं लागतं.